‘लोनसम डव्ह’ची तीन पारायणं : नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

टेक्सासात अकरा वर्षं काढली, पण काउबॉय म्हटलं की मला डॅलसचा फुटबॉलचा संघच आठवायचा. गेल्या जूनमध्ये आमच्या गल्लीत कुणीतरी घर रिकामं करताना अंगणात सामान मांडलं होतं. तिथे पाच डॉलरला ‘लोनसम डव्ह’ या जुन्या अमेरिकन टीव्ही मालिकेचा ब्लू-रे संच मिळाला. दोन चकत्या, साधारण सव्वासहा तासांचा ऐवज. विकणाऱ्याने ‘एकदम नवी’ म्हणून दिलेल्या दुसऱ्या चकतीवर मांजरीने नखं मारल्यासारखे ओरखडे होते. ती चौथ्या भागात दोनदा अडकते. चष्म्याच्या फडक्याने पुसली की चालते.

नऊ महिन्यांत ही मालिका तीनदा पाहिली. पुढे कथानक फुटणार आहे. ज्यांना कोरं पाहायचंय त्यांनी इथेच थांबावं.

थोडी पार्श्वभूमी. ही चार भागांची मालिका सीबीएस वाहिनीवर ५ ते ८ फेब्रुवारी १९८९ अशी सलग चार रात्री दाखवली गेली. (आपल्याकडे तेव्हा रविवारी सकाळी ‘महाभारत’ चालू होतं आणि रस्ते ओस पडायचे.) मूळ कल्पना सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. लॅरी मॅकमर्ट्रीने जॉन वेन, जेम्स स्टुअर्ट आणि हेन्री फोंडा या तिघांसाठी सिनेमाची पटकथा लिहिली होती. वेनने नकार दिला आणि सगळं बारगळलं. पुढे मॅकमर्ट्रीने त्याच मालातून आठशेहून जास्त पानांची कादंबरी लिहिली. ती १९८५ मध्ये आली आणि १९८६ मध्ये तिला पुलित्झर हा साहित्याचा मोठा पुरस्कार मिळाला. तोवर वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या गोष्टींचा प्रकार, संपला असं टीव्हीवाले धरून चालले होते. अशा वेळी हक्क घेतले ते मोटाउन या गाण्यांच्या कंपनीच्या चित्रपट शाखेने, म्हणजे सुझान डी पास या बाईंनी. पटकथा टेक्सासच्याच बिल विट्लिफची, दिग्दर्शक मात्र ऑस्ट्रेलियन, सायमन विन्सर. टीव्हीसाठीच्या एमी पुरस्कारांची १८ नामांकनं आणि ७ पारितोषिकं मिळाली. सर्वोत्कृष्ट मालिकेचं मात्र हुकलं.

पहिलं पारायण मी वाया घालवलं. ट्रेडमिलवर रोज चाळीस मिनिटं, असा माझा बेत. पहिल्या भागाचा तास-दीड तास काही घडतच नाही. रिओ ग्रांदे नदीच्या काठावरचं लोनसम डव्ह हे धुळीचं गाव, तिथे गस आणि कॉल हे दोन निवृत्त टेक्सास रेंजर, म्हणजे सरहद्दीवरचे पोलीस. गस पहाटे बिस्किटं भाजतो, ओट्यावर बसून दारूचा बुधला जवळ घेतो आणि दिसेल त्याच्याशी बोलत सुटतो. कॉल राबतो आणि संध्याकाळी एकटाच नदीवर जाऊन बसतो. धंद्याच्या पाटीवर गसने लिहून ठेवलंय की आम्ही डुकरं भाड्याने देत नाही. मी मनात म्हणालो, बरं, मग पुढे? मग जेक स्पून नावाचा जुना सोबती उगवतो. तो आर्कान्सातून चुकून एक खून करून पळालाय. माँटानात अजून कुणी न शिवलेलं गवत आहे, असं तो बोलून जातो. एवढ्यावर कॉल मेक्सिकोतून जनावरं चोरून तीन हजार मैलांच्या वाटेला लागतो. कशासाठी, हे मालिका शेवटपर्यंत धड सांगत नाही. ट्रेडमिलवर मला तो दोष वाटला.

दुसऱ्यांदा थँक्सगिव्हिंगच्या सुटीत बायकोबरोबर पाहिली. रोज एक भाग, सलग चार रात्री, मूळ प्रसारणासारखी. औषधाचा डोस जसा जेवणानंतर घ्यायचा असतो तसंच हे. असं पाहिलं की पहिल्या भागातला रिकामा वेळ वसूल होतो. नदी ओलांडताना तो आयरिश पोरगा, शॉन, पाण्यातल्या सापांच्या जाळ्यात सापडतो. तेव्हा आपण त्याला पुरते ओळखतही नसतो, पण तो भित्रा आहे आणि त्याला घरची आठवण येते एवढं माहीत झालेलं असतं. त्याला पुरतात आणि पुढे निघतात. गाणं नाही, फ्लॅशबॅक नाही. इथून पुढे प्रत्येक मरण असंच येतं, न सांगता आणि बहुतेकदा कामाच्या मधोमध. जेक घोडेचोरांच्या टोळीबरोबर वाहवत जातो आणि गस-कॉलला आपल्याच मित्राला फाशी द्यावं लागतं, तिथे बायको उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी घासलेलीच होती.

तिसरं पारायण आबांबरोबर. हेच खरं, आधीची दोन म्हणजे सराव.

आबा माण तालुक्यातले. हयात जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेली, दुष्काळात चारा छावण्यांवर रात्री काढल्या. दिवाळीनंतर आले, परवा परत गेले. टेक्सासचं इंग्रजी मलाच पुरतं कळत नाही, त्यांना तर अजिबात नाही. मी मधे थांबवून मराठीत सांगायचो. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘तू गप बस. मला जनावरं कळत्यात.’’ कळपात सगळी एका जातीची नाहीत, लांब शिंगांची थोडी आणि बाकी भरती, हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं. लांब शिंगवाल्यांना खिलार म्हणून मोकळे झाले. सव्वासहा तासांच्या मालिकेचे त्यांच्यासोबत नऊ तास झाले, कारण रात्रीची राखण कोण करतंय, पाणी किती कोसांवर असेल, हाकणारी माणसं किती, हे मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही. टेक्सासचा बैल अस्वलाला शिंगावर घेतो तो प्रसंग चारदा पाहिला. आमच्याकडून मेंढरांचे वाडे कोकणात उतरतात तेव्हा बायका-पोरं, कोंबड्या, कुत्री सगळं संगं असतं, ‘‘आन् ह्यांच्यात बाईमाणूस का न्हाई?’’ हा त्यांचा पहिला आक्षेप.

बाईमाणूस आहे, पण कळपाबाहेर. लोरी ही त्याच गावातली वेश्या, तिचं काम डायॲन लेनने केलंय. ब्लू डक हा खलनायक तिला पळवतो, गस सोडवून आणतो. नंतर ती बोलेनाशी होते आणि गस, ज्याचं तोंड कधी बंद नसतं, तिच्या तंबूपाशी नुसता बसून राहतो. नेब्रास्कातली क्लारा, गसची जुनी प्रेयसी, म्हणजे अँजेलिका ह्यूस्टन. नवरा घोड्याची लाथ बसून निपचित पडलाय आणि ती घर, मुली, घोडे सगळं ओढतेय. तिच्यासमोर गसची बडबड पहिल्यांदा अपुरी पडते. रॉबर्ट डुव्हालला आधी कॉलची भूमिका देऊ केली होती, त्याने गस मागून घेतला. हे कळल्यापासून कॉल झालेल्या टॉमी ली जोन्सकडे मी जास्त लक्ष देऊन पाहतो. गसवर कुणीही भाळेल, पण मालिका तोलून धरलीय ती कॉलच्या आवळलेल्या जबड्याने.

कॉलबद्दल आबांनी एक गोष्ट पकडली, जी माझ्या दोन पारायणांत निसटली होती. न्यूट हा कळपातला पोरगा कॉलचाच, हे सगळ्यांना ठाऊक. कॉल त्याला आपली घोडी देतो, बंदूक देतो, बापाचं घड्याळ देतो, पण ‘माझा मुलगा’ हे दोन शब्द तोंडातून निघत नाहीत. त्याआधी डीट्स मरतो. तो डॅनी ग्लोव्हरने केलाय, वाट शोधणारा, कळपातला सगळ्यात भरवशाचा माणूस. तेव्हा हाच कॉल फळी घेऊन बसतो आणि त्याच्यासाठी चार ओळी कोरतो. आबा म्हणाले, ‘‘मेलेल्याला लिव्हतो आन् जित्याला बोलत न्हाई.’’ मग चहा टाकायला सांगितला.

त्या ओळी कुठून आल्या हे मला नंतर वाचून कळलं आणि जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही वेदरफोर्डला गेलो. फोर्ट वर्थच्या पश्चिमेला तीसेक मैलांवर ग्रीनवुड नावाची दफनभूमी आहे. तिथे ऑलिव्हर लव्हिंगची कबर आहे आणि बोस इकार्डचीही. लव्हिंग आणि चार्ल्स गुडनाइट या खऱ्याखुऱ्या गुरेवाल्यांनी १८६६ मध्ये गुरांची वाट पाडली. पुढच्या वर्षी कोमांची या मूलनिवासी जमातीच्या हल्ल्यात लव्हिंग जखमी झाला, जखम सडली आणि न्यू मेक्सिकोत फोर्ट समनरला तो गेला. मला टेक्सासात पुरा, असं त्याने सांगितलं होतं. गुडनाइटने त्याचं शव इथवर आणलं. मालिकेत गस माँटानात मरतो आणि कॉल त्याचं शव टेक्सासला परत आणतो, ते इथून उचललंय, फक्त अंतर वाढवलंय. इकार्ड गुलामगिरीत जन्मलेला, पुढे गुडनाइटचा उजवा हात, पैशांची राखणही त्याच्याकडे असायची. तो १९२९ मध्ये गेला तेव्हा गुडनाइटने दगड लावला. त्यावर लिहिलंय : वाटेवर चार वर्षं माझ्याबरोबर होता, कामात कुचराई केली नाही, हुकूम मोडला नाही, गुरं उधळली तेव्हा कितीदा जोडीला होता, कोमांचींशी तीन चकमकी लढला, वागणूक उत्तम. मी उभ्या उभ्या मराठीत सांगितलं. आबांनी टोपी काढली, बाजूचं वाळलं गवत उपटलं आणि गाडीकडे चालू लागले.

आता खटकलेलं. ब्लू डक हा अर्धा कोमांची खलनायक एका गोऱ्या नटाने रंगवलाय आणि त्याच्या क्रौर्याला मागे-पुढे काही नाही. ज्यांच्या जमिनीतून हे खिल्लार चाललंय ते लोक एकतर उपाशी किंवा राक्षस. गस एकदोनदा बोलून दाखवतो की आपण चुकीच्या लोकांना हाकललं, पण मालिका तिथे रेंगाळत नाही. मूळ प्रसारण चौकोनी पडद्याचं, माझ्या संचात ते रुंद केलंय, त्यामुळे काही ठिकाणी टोप्यांचे शेंडे उडालेत. दर दहा-बारा मिनिटांनी चित्र काळं होतं. तो जाहिरातींचा जुना घाव आहे, सवय होते. बॅसिल पोलेडोरिसचं संगीत सुंदर आहे, पण कळप टेकडीवर चढला की ते वाजणार हे तिसऱ्या वेळी आधीच कळतं.

याच धाटणीचं आणखी पाहावं म्हणून बारा भागांची ‘सेंटेनियल’ आणली, ती अर्ध्यात पडून आहे. एका गावाचा दोनशे वर्षांचा इतिहास सांगताना माणसं बदलत राहतात आणि जीव कुणात अडकत नाही. १९९३ चा ‘रिटर्न टू लोनसम डव्ह’ मॅकमर्ट्रीच्या गोष्टीवर नाही आणि त्यात कॉलही दुसराच नट आहे. मी एक तास पाहून बंद केला.

घ्यायची असेल तर भारतातल्या मंडळींनी एक लक्षात ठेवा. अमेरिकन ब्लू-रे बऱ्याचदा ‘ए’ विभागाची असते, आपल्याकडचे प्लेअर ‘सी’चे, म्हणजे चकती तिथे चालेलच असं नाही. आबांच्या पिशवीत मी संच घातला होता, विमानतळावर जाताना हे आठवलं आणि काढून घेतला. काल फोनवर म्हणाले, राहू दे तिकडंच. पुढच्या खेपेला आलो की लाव, पण पयलाच भाग, तो बिस्किटं भाजतो तेवढा. फुडलं नको.