निर्दोष सुटका की 302 चं 304?

भोसकून खून केल्याबद्दल सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, की 60 दिवसांत हायकोर्टात अपील करायचं. घरचे अडतात ते इथे: निर्दोष सुटका मागायची, की खुनाऐवजी (जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 302) सदोष मनुष्यवध (कलम 304, म्हणजे जीव घेतला पण तो खून ठरत नाही) धरा म्हणायचं?

आधी पुरावा बघा. प्रत्यक्षदर्शी फितूर झाला, चाकूजप्तीचा पंचनामा पंचांनीच नाकारला, तर सुटकेच्या मागणीत दम आहे. जखमी साक्षीदार उलटतपासणीतही ठाम राहिला असेल तर ती टिकणं कठीण, तेव्हा 304. तिथले प्रश्न निराळे. चाकू घरून नेला होता की भांडणात हाताला लागला? घाव कुठे, किती खोल? जुनं वैर होतं का? 'एकच वार होता' एवढ्यावर मात्र विसंबू नका. विरसा सिंग खटल्यात (1958) पोटात भाल्याचा एकच घाव होता, तरी सुप्रीम कोर्टाने खूनच धरला.

सुटका झाली तर शिक्षाच उरत नाही. 304 च्या दुसऱ्या भागात (मारायचा हेतू नव्हता, पण जीव जाऊ शकतो हे माहीत होतं) कमाल 10 वर्षं, आत काढलेले दिवस वजा. पहिल्या भागात (हेतू होता) जन्मठेपही होऊ शकते, हे सोयीस्करपणे सांगायचं राहतं. (1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना 302 आणि 304 ऐवजी नव्या भारतीय न्याय संहितेची 103 आणि 105 कलमं.)

खर्चात फरक नाही. कैद्याला विधी सेवेचा वकील मोफत मिळतो.

दोन्ही मागण्या एकाच अपिलात चालतात, पण 'मी तिथे नव्हतोच' आणि 'रागाच्या भरात झालं' एका दमात म्हटलं की दोन्ही पातळ होतात. ओळखच संशयास्पद असेल त्याने सुटकेवर जोर द्यावा. हजेरी सिद्ध, पण भांडण अचानक पेटलेलं असेल, त्याने 304 वर.