दुबई, क्रूझ की लंडन? मराठवाड्यातल्या बारटेंडरनं कुठं जावं

मराठवाड्यातली पोरं-पोरी हॉटेल मॅनेजमेंट करून, नाहीतर आयटीआयचा फूड अँड बेव्हरेज सर्व्हिसचा वर्षभराचा ट्रेड करून संभाजीनगर-पुण्याच्या हॉटेलांत लागतात. टेबलं सांभाळता सांभाळता एखाद्याला बार काउंटरची गोडी लागते, हातात शेकर येतो आणि डोक्यात एकच विषय घोळायला लागतो: बाहेर कुठं जावं? दुबई, क्रूझ आणि लंडन ही तीन नावं हमखास पुढं येतात.

बहुतेक जण तिन्हीकडचे पगार शेजारी मांडतात आणि मोठा आकडा निवडतात. मला ही पद्धत पटत नाही. पाच वर्षांनी काय हवंय ते आधी ठरवा: फिटलेलं कर्ज, हातात मुरलेली कला, की परदेशात कायमचं राहणं? या तीन गोष्टी एकाच नोकरीतून मिळत नाहीत.

दुबई

दुबई-अबुधाबीत परवानाधारक हॉटेलं आणि रेस्टॉरंटमध्ये दारू मिळते, पिणाऱ्याचं वय २१ लागतं. शेजारच्या शारजात मात्र बंदी आहे. कुवेतमध्ये पूर्ण बंदी आहे आणि सौदीत सर्वसामान्य हॉटेलांत बार नाहीत. त्यामुळे "कुवेतला बारटेंडर पाहिजे" अशी जाहिरात व्हॉट्सअॅपवर फिरत आली तर ती एक तर ज्यूस काउंटरची असते किंवा फसवणुकीची.

दुबईचं खरं बळ शिकण्यात आहे. एका गल्लीत इटालियन, जपानी, पेरूची हॉटेलं. काउंटरवर फिलिपिनो, केनियन, नेपाळी, युरोपियन सहकारी. नेग्रोनी, डायकिरी, ओल्ड फॅशन्ड ही क्लासिक कॉकटेल्स तिथं रोज शेकड्यानं बनतात, आणि हात बसतो तो याच रोजच्या रेट्यानं. चांगल्या बारमध्ये सुरुवात बारबॅक म्हणून होते. बर्फ भरा, लिंबं पिळा, सिरप उकळा, ग्लास पुसा. यात कमीपणा नाही. बारबॅक न राहता थेट काउंटरवर आलेला माणूस गर्दीच्या रात्री लगेच ओळखू येतो.

पैशाचं म्हणाल तर तिथं पगारावर आयकर नाही आणि दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. ऑफर लेटरमध्ये मात्र एकूण आकडा पाहू नका, बेसिक पाहा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवरच मोजतात: वर्ष पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा पगार. समजा बेसिक १,५०० दिरहॅम असेल, तर तीन वर्षांचे ३,१५० दिरहॅम होतात. एकूण पगार तेवढाच ठेवून बेसिक कमी आणि भत्ते जास्त दाखवले असतील, तर ही रक्कम तिथंच आटते. राहायची सोय कंपनीची आहे का, तेही लिहून घ्या. नसेल तर देरा किंवा सतव्यात बेड स्पेस, म्हणजे भाड्याच्या खोलीतली एक खाट, घ्यावी लागते आणि बचतीचा मोठा लचका तिथंच तुटतो.

कायद्याच्या तीन गोष्टी पाठ असू द्या. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. मालकानं पासपोर्ट ठेवून घेणं हाही तिथं गुन्हाच आहे.

क्रूझ

घरावर कर्ज असेल, बहिणीचं लग्न असेल, बोअरवेल-पाइपलाइनचे हप्ते असतील, तर मी जहाजाच्या बाजूनं बोलेन. राहणं-खाणं कंपनीचं, खर्चायला जागा कमी, पगार डॉलरमध्ये. अमेरिकन पाहुण्यांच्या जहाजांवर ड्रिंकच्या बिलात साधारण १८ टक्क्यांच्या आसपास ग्रॅच्युइटी (इथं अर्थ टिप) आपोआप लागते. त्यातलं तुमच्यापर्यंत किती येतं हे करारावर ठरतं, म्हणून मुलाखतीतच विचारा.

आता त्याची किंमत. सहा ते नऊ महिने आठवड्याची सुट्टी नाही. दिवसाला दहा-बारा तासांची ड्युटी, बहुतेकदा दोन पाळ्यांत तोडलेली. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती द्यावीच लागते. केबिन दोघांत एक, मुलींसाठी मुलींबरोबरच. दोन करारांच्या मधे महिना-दोन महिने घरी, आणि त्या काळात बहुतेकांना पगार नसतो. वर्षाचं उत्पन्न काढताना लोक हे रिकामे महिने विसरतात.

कामाची तऱ्हाही वेगळी आहे. माप औंसात असतं. एक औंस म्हणजे जवळजवळ आपला ३० मिलिचा पेग, त्यामुळे हाताला त्रास होत नाही. पण कॉकटेल्स कंपनीच्या ठरलेल्या रेसिपीनं आणि झपाट्यानं करायची असतात, स्वतःचं डोकं चालवायला वाव थोडा. स्वच्छता मात्र जहाजासारखी कुठं शिकायला मिळत नाही. अमेरिकी आरोग्य खात्याची तपासणी शंभरपैकी गुणांची असते आणि ८५ किंवा त्याखाली गुण आले की जहाज नापास. बर्फाचा स्कूप बर्फात पडलेला राहिला तरी तिथं दोष धरतात.

चढण्याआधी एसटीसीडब्ल्यूची (खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांची) मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणं, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), वैद्यकीय तपासणी आणि बहुतेक कंपन्यांसाठी अमेरिकेचा सी-१/डी हा जहाज कर्मचाऱ्यांचा व्हिसा लागतो. प्रशिक्षण डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या) मान्यताप्राप्त संस्थेतच घ्या. त्यासाठी बहुधा मुंबई-नवी मुंबईकडं जावं लागतं. पहिल्याच कराराला बारटेंडर म्हणून घेतील असं नाही, अनेकांना बार युटिलिटी (बारचा मदतनीस) किंवा बार वेटर म्हणून सुरुवात करावी लागते.

कराचं गणितही समजून घ्या, कारण इथं पुष्कळ जण गाफील राहतात. आर्थिक वर्षात भारतातले दिवस १८२ पेक्षा कमी भरले तर तुम्ही अनिवासी ठरता, आणि परदेशातल्या सेवेचा पगार एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयांच्या इथल्या बँक खात्यात) आला तरी इथं कर लागत नाही. पण वर्ष एप्रिल ते मार्च मोजायचं असतं. ऑक्टोबरअखेर चढून जुलैत उतरलात, तर नऊ महिने बाहेर राहूनही पहिल्या आर्थिक वर्षात तुम्ही निवासीच राहता. चढण्याची तारीख हाती आली की आधी कॅलेंडर काढा.

लंडन, सिडनी

ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा बारटेंडरच्या नोकरीवर मिळत नाही. कोणी तो मिळवून देतो म्हणून पैसे मागत असेल तर तिथून उठून यायचं.

रस्ता आहे तो इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीमचा. वय १८ ते ३०, हातात पदवी, खात्यात सलग २८ दिवस २,५३० पौंड, आणि सोडतीत नाव. सोडतीत नाव घालायला फी नाही. व्हिसा दोन वर्षांचा, वाढत नाही, कुटुंबाला नेता येत नाही, पण बारमध्ये काम खुशाल करता येतं. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, म्हणजे दोन वर्षांचे १,५५२ आधीच भरायचे. एप्रिल २०२५ मध्ये २१ आणि त्यावरच्या वयाच्यांचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं होतं, आणि ऑक्टोबर २०२४ पासून टिपा पूर्णपणे कामगारांना देणं मालकावर बंधनकारक आहे. लंडनचं भाडं मात्र या कमाईचा मोठा वाटा गिळतं, म्हणून बचत हा हेतू असेल तर इकडं जाऊ नका. तिथं व्हिस्की-जिनचं माप २५ किंवा ३५ मिलि कायद्यानं ठरलेलं आहे, तेव्हा ३० मिलिला सरावलेला हात पुन्हा बसवावा लागतो.

ऑस्ट्रेलियानंही भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसा उघडला आहे: वर्षाला १,००० जागा, सोडत, वय १८ ते ३०, मुक्काम एक वर्ष, एका मालकाकडं साधारण सहा महिने. दारू वाढायची तर आरएसए, म्हणजे जबाबदारीनं दारू वाढण्याचं, प्रमाणपत्र लागतं. किमान वेतन जुलै २०२५ मध्ये तासाला २४.९५ ऑस्ट्रेलियन डॉलर झालं होतं. पदवी आहे, वय बसतंय, घरची जबाबदारी अंगावर नाही, अशांनी दोन्ही सोडतींत नाव घालून ठेवावं आणि तोवर हातातली नोकरी सोडू नये.

कायमचंच स्थायिक व्हायचं असेल तर या यादीतलं काहीच फारसं कामाचं नाही. त्यांनी जर्मन शिकावं. तिथं रेस्टॉरंट क्षेत्राचं तीन वर्षांचं पगारी प्रशिक्षण, आउसबिल्डुंग, आहे आणि त्यासाठी साधारण बी-१, म्हणजे मध्यम पातळीची भाषा लागते. रस्ता लांबचा आहे, पण पुढं राहण्याचा हक्क मिळण्याची शक्यता याच रस्त्यावर जास्त आहे.

माळकरी घर आणि बारची नोकरी

आपल्याकडं हा प्रश्न टाळून चालत नाही. पैठणच्या नाथषष्ठीला दिंडीनं जाणारा बाप आणि दारूच्या काउंटरमागं उभा मुलगा, यात दोघांचीही घुसमट होते, आणि सोयरीक जुळवताना ती बाहेर येते. घरच्यांना "हॉटेलात आहे" एवढंच सांगून निघू नका. कामाचं नाव घेऊन सांगा. ड्युटीवर प्यायला बंदी असते, जहाजावर तर अचानक तपासणी होते, हेही सांगा. न पिणारे उत्तम बारटेंडर आहेत. पण स्ट्रॉच्या टोकावर थेंब घेऊन चव पाहावीच लागते. तेवढंही माळेला चालत नसेल तर मी मनापासून बरिस्ता व्हायला सांगेन. कॉफीच्या कामाला सौदी, कुवेत, शारजा अशी दारूबंदीची ठिकाणंही खुली असतात, आणि मशीनवरचा चांगला हात तिथं हवाच असतो.

निघण्याआधी

दोन वर्षं पुणे, मुंबई किंवा गोव्याच्या चांगल्या बारमध्ये काढा. परमिट रूमचा अनुभव वेगानं पेग भरायला शिकवतो, कॉकटेलला तो पुरत नाही. मुलाखतीत स्वतःचं ड्रिंक करायला सांगतात, तेव्हा आपल्या मुलखाचं काहीतरी करा: जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, मराठवाड्याचा केसर आंबा, किनवटच्या रानातला मोह. मोसंबीचा रस, जिन आणि सुंठीचं सिरप एवढ्यावर समोरचा मान वर करून बघतो.

एजंटला द्यायला वावर विकू नका, गहाणही टाकू नका. नोंदणीकृत एजंटला कायद्यानं जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. यूएईत तर भरतीचा खर्च मालकानंच करायचा असतो. जहाजासाठी एजंटकडं डीजी शिपिंगचं आरपीएसएल, म्हणजे जहाजावरच्या भरतीचं, लायसन्स हवं, आणि नोकरी लावल्याबद्दल त्याला तुमच्याकडून पैसे घेता येत नाहीत.

दहावी पास असाल तर पासपोर्ट ईसीएनआर मिळतो आणि आखाती देशांसाठीची एमिग्रेशन क्लिअरन्सची (देश सोडण्याच्या सरकारी मंजुरीची) पायरी वाचते. टीसी, आधार आणि मार्कशीटवरचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनावाचं स्पेलिंग आजच ताडून बघा. आपल्याकडं एकावर नुसती आद्याक्षरं आणि दुसऱ्यावर पूर्ण नाव असं सर्रास असतं, आणि ते गॅझेटमधून दुरुस्त करायला वेळ लागतो. ऑफर लेटर हातात आल्यावर कंपनी तेवढी थांबत नाही.