'टेरापिन स्टेशन': आठ महिन्यांनंतर, सात मात्रांच्या हिशेबाने

ग्रेटफुल डेड या अमेरिकी रॉक बँडच्या 'टेरापिन स्टेशन' या अल्बमची तबकडी मी एप्रिलमध्ये साडेतीन हजार रुपये मोजून मागवली, आणि कुरिअरवाल्याने ती जळगावच्या भर दुपारी आमच्या बंद दारापुढच्या ओट्यावर ठेवून दिली. मी कामावरून परतलो तेव्हा तिची कड तव्यावरच्या पापडासारखी उचलली गेली होती. विक्रेत्याने "उघडलेला माल परत घेतला जात नाही" हे एकच उत्तर तीन वेळा पाठवले.

पहिले गाणे कडेलाच असते, आणि या अल्बमचे पहिले गाणे आहे 'एस्टिमेटेड प्रॉफेट', जे सात मात्रांत बांधलेले आहे. सुई उडी मारी ती आवर्तनाच्या मध्येच, त्यामुळे साताचे कधी पाच होत, कधी सहा. भजनी मंडळात वीस वर्षे तबला वाजवणाऱ्या माणसाला हे सहन होत नाही. म्हणून मी ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमाचे, बेटी कँटर-जॅक्सन यांनी केलेले ध्वनिमुद्रण ऐकू लागलो. अल्बम त्याच वर्षी जुलैमध्ये बाजारात आला; म्हणजे हॉलमधल्या मंडळींनी हे गाणे त्याआधीच समोर बसून ऐकले होते.

आमच्या मंडळातल्या नानांना मी ते ऐकवले. त्यांना इंग्रजी शब्द कळत नाहीत, पण त्यांनी डोळे मिटून मांडीवर बोटे मोजली आणि दुसऱ्या कडव्यापाशी म्हणाले, "सात शेतस, पन हाऊ रूपक नही." (सात आहेत, पण हा रूपक ताल नाही.) त्यांचे बरोबर होते. रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर पडते आणि सात मात्रांत वर्तुळ पूर्ण होते. इथे मात्र दोन साते जोडून चौदाचा एक मोठा झोका तयार होतो, दीपचंदी तालाच्या चालीजवळ जाणारा. कॉर्नेलमध्ये बिल क्रॉइट्झमन आणि मिकी हार्ट हे दोन ढोलवादक तो झोका इतक्या सैलपणे वाजवतात की मोजणे सोडून द्यावे आणि तरीही समेवर मान हलावी. अल्बममध्ये तेच गाणे नेटके आहे, पण दोघांचे चार हात एकाच माणसाचे वाटतात.

'डान्सिन इन द स्ट्रीट्स'बाबत तर माझी तक्रार अधिक तीव्र आहे. अल्बममध्ये ते सव्वातीन मिनिटांत संपते. कॉर्नेलमध्ये सोळा मिनिटांच्या आसपास चालते आणि जेरी गार्सियाची गिटार कुठेही घाई करत नाही. श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या उत्सवाच्या रात्री आमच्या काकू गाणे धरतात, तेव्हा ते किती लांबेल हे बायकांच्या आवाजावर आणि रात्रीवर ठरते. कोणी नवी ओळ घातली की सगळ्या ती उचलतात. यंदा तिथे बसून ऐकताना मला या बँडचे मर्म प्रथमच नीट कळले, आणि सव्वातीन मिनिटांसाठी मी एवढे पैसे दिले याचे दुःख वाढले.

इथवरचे मत मी सप्टेंबरमध्ये लिहून ठेवले होते आणि त्यात आता बदल करावा लागतो. ऑक्टोबरमध्ये एका जाणकाराच्या सल्ल्यावरून मी तबकडी खिडकीच्या दोन काचांमध्ये ठेवली, वर दादर ज्वारीचे पोते टेकवले आणि दहा दिवस हात लावला नाही. कड बरीचशी बसली. तेव्हा दुसरी बाजू पहिल्यांदाच अखंड ऐकता आली. ती पूर्ण बाजू म्हणजे सोळा मिनिटांची एकच रचना आहे. निर्माते किथ ओल्सन यांनी तिच्यावर पॉल बकमास्टर यांच्या संयोजनात लंडनमध्ये वाद्यवृंद आणि वृंदगान चढवून घेतले. मिकी हार्ट त्या तंतुवाद्यांवर नाराज होते, आणि शेवटाकडे तालवाद्यांची जागा व्हायोलिनांनी झाकली जाते तेव्हा मलाही त्यांचेच म्हणणे पटते. तरीही ही रचना बँडने मंचावर या संपूर्ण स्वरूपात वाजवली नाही, बहुधा तिचे सुरुवातीचे भागच वाजवले. त्यामुळे तिची सगळी उभारणी ऐकायची असेल तर हा अल्बम घ्यावाच लागतो. कॉर्नेलच्या रात्री तर ती वाजवलीच गेली नाही.

मात्र तालासाठी मी अजूनही कॉर्नेलकडेच जातो, विशेषतः 'स्कार्लेट बिगोनियाज'मधून 'फायर ऑन द माउंटन'मध्ये उतरणाऱ्या त्या पंचवीसहून अधिक मिनिटांसाठी. मिकी हार्ट हे उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे शिकले होते, आणि झाकिर हुसेन यांच्यासोबतच्या दिगा ऱ्हिदम बँडच्या १९७६ च्या अल्बममध्ये या 'फायर'चे आधीचे रूप ऐकायला मिळते. नानांना हे सांगितल्यावर त्यांनी ते गाणे पुन्हा लावायला सांगितले आणि या वेळी मांडीवर मोजण्याऐवजी सरळ तबला पुढे ओढला.

तबकडी आता लोखंडी कपाटात, गोधडीत गुंडाळून उभी ठेवली आहे. पहिल्या गाण्यात सुई अजून दोन ठिकाणी उडते. ती बाजू मी लावत नाही.