टर्बो दिसला, बाकीचं बसवलंच नव्हतं

तुर्भ्याच्या एका गॅरेजने १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅकला टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा) बसवायचे १,८५,००० रुपये घेतले. टर्बो, इंटरकूलर (ती हवा थंड करणारा), पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर, इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा ३ बारचा मॅप सेन्सर आणि ईसीयू फ्लॅश, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्रॅम, असं ठरलं होतं. पंधरा दिवसांत घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर गाडीने निळा धूर सोडला. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासलं: तिसऱ्या सिलिंडरला ६० पीएसआय, बाकी तिन्हींना १७०. इंजिन खोललं तर पिस्टनवरची दोन रिंगांमधली कडच तुटलेली.

इंजेक्टर गाडीचे मूळचेच निघाले, मॅप सेन्सरही. खरी मेख इथे आहे. अशा इंजिनाचा मूळ सेन्सर साधारण ११५ किलोपास्कलपर्यंतच मोजतो, त्याला त्याहून जास्त दाब कधी बघायचाच नसतो. टर्बोने अर्धा बार (५० किलोपास्कल) जादा दाब, म्हणजे बूस्ट, दिला की हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये १५० किलोपास्कल होतात, पण ईसीयू ११५ च्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो. फुल थ्रॉटलला हवा आणि पेट्रोलचं १३:१ असणारं मिश्रण १७:१ कडे जातं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. त्यात इंजिनाचं कॉम्प्रेशन गुणोत्तर ११:१, म्हणजे टर्बोसाठी जास्तच. नॉकिंग होऊन, म्हणजे मिश्रण अवेळी भडकून, पिस्टन जाणारच होता.

टर्बोसुद्धा भंगारातल्या डिझेल गाडीचा, रंग मारून नवा केलेला. शाफ्ट आडवा किंचित हलला तर चालतं. पुढे-मागे हललेला हाताला जाणवला तर तो टर्बो घेऊच नका. ऑइलची परतीची नळी सलग उतरती हवी. इथे ती मध्येच वर चढवली होती, त्यामुळे ऑइल तुंबून सीलमधून गळत होतं.

काम द्यायच्या आधी आणि नंतर ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) कॅल आयडी, म्हणजे ईसीयूतल्या प्रोग्रॅमचा नंबर, आणि सीव्हीएन, म्हणजे त्या प्रोग्रॅमवरून निघणारा पडताळणीचा आकडा, वाचा, फोटो काढा. फ्लॅश केल्याचे पैसे मागितले आणि सीव्हीएन तोच राहिला, तर ईसीयूला बहुधा कोणी हातच लावलेला नाही. इंजेक्टरवरचे नंबर स्वतः बघा. धुरावरून मिश्रण मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरची नोंद (लॉग) मागा, बूस्टमध्ये ११.५ ते १२ दिसायला हवं. तो लॉग हातात येईपर्यंत उरलेली रक्कम देऊ नका.

गॅरेजने पक्कं बिल दिलं नव्हतं, चिठ्ठीवर फक्त ‘लेबर’. गाडीमालक तक्रार घेऊन पुढे येणार नाही, हे अशा गॅरेजवाल्यांना पक्कं ठाऊक असतं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये (गाडीतल्या बदलांचं कलम) न बसणाऱ्या बदलासाठी कलम १८२अ खाली मालकालाच प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विम्याचा दावाही अडकू शकतो.