ठाणे ते शिमला शिफ्टिंग: पॅकिंग एक नंबर, पण डोंगरावरचा खर्च आधी सांगत नाहीत

दादाची बँकेतून शिमल्याला बदली झाली, तो लगेच जॉईनही झाला, त्यामुळे त्यांचं घोडबंदर रोडचं टू बीएचके रिकामं करून सामान पाठवायचं काम माझ्याकडे आलं. काम ठाण्यातल्याच एका पॅकर्स-मूव्हर्सना दिलं, त्यांच्याबद्दल लिहितोय. जोडीला डोंगरातल्या शहरात घर हलवायला काय काय खर्च येतो तेही लिहितो, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा पुणे-बंगलोरचे रिव्ह्यू ढीगभर मिळाले, पहाडातलं मराठीत काही सापडलं नाही.

आधी चांगलं सांगतो. पॅकिंगला ५ पैकी ५, डोळे झाकून. वहिनीच्या काचेच्या बरण्या एकेक करून आधी कागदात, मग बबल रॅपमध्ये, मग कार्टनमध्ये उभ्या ठेवल्या आणि मधल्या फटीत घरातलेच जुने टॉवेल कोंबले. दिवाण खोलला तेव्हा निघालेले स्क्रू छोट्या पिशवीत भरून त्याच फळीला टेपने चिकटवले, त्यामुळे तिकडे जोडताना शोधाशोध झाली नाही. देवघराला हात लावायच्या आधी त्यांच्यातल्या वयस्कर काकांनी विचारलं, "देव काढलेत ना?" आणि चपला बाहेर काढून मगच गुंडाळायला घेतलं. असं मनापासून काम करणारी माणसं मिळणं मोठी गोष्ट आहे. प्रत्येक खोक्यावर नंबर, यादीची एक कॉपी आमच्याकडे. टीपॉयची काच तेवढी तडकली, बाकी सगळं धड पोचलं.

आता पैसे. शेअरिंग गाडीचं कोटेशन ४६ हजार अधिक जीएसटी. शेअरिंग म्हणजे ट्रकमध्ये आणखी दोन-तीन घरांचं सामान असतं, स्वस्त पडतं पण पोचायला वेळ लागतो. मी फोनवर स्पष्ट विचारलं होतं की घर संजौलीला आहे, रस्त्यापासून खाली पायऱ्या उतरून जावं लागतं, तर उत्तर आलं, "सर डोअर टू डोअर आहे, सगळं आलं त्यात."

प्रत्यक्षात ट्रक शिमल्याच्या अलीकडे शोघीलाच थांबला. ड्रायव्हर म्हणाला मोठी गाडी पुढे नेता येणार नाही, पिकअप करावी लागेल, त्याचे ४ हजार, आणि रस्त्यापासून घरापर्यंत हमाल लावायचे त्याचे ७ हजार, आत्ता रोख द्या नाहीतर सामान उतरवत नाही. वहिनी एकटी, मुलगा लहान, दादा ऑफिसात. मी ठाण्यातून ऑफिसला फोन करतोय तर कुणी उचलेना. दिले पैसे, काय करणार.

यात हमालांची काही तक्रार नाही हे मुद्दाम लिहितो. वहिनी फोनवर सांगत होती, "अहो भाऊजी, वॉशिंग मशीन एकट्या माणसाने पाठीला दोर लावून उतरवलं हो, मला बघवेना." त्या कामाला ७ हजार लागत असतील तर द्यायलाच हवेत. पण तिने त्यांना विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्या हातात साडेतीनच पडले. राग याचा आहे.

डोंगराच्या पायथ्याचं कालका समुद्रसपाटीपासून ६५६ मीटरवर आणि शिमला २००० मीटरच्याही वर, मधे फक्त नव्वदेक किलोमीटर रस्ता. ठाण्याहून कालक्यापर्यंतचा प्रवास सगळ्या ट्रकवाल्यांना पाठ असतो, पैसे अडतात ते त्या शेवटच्या टप्प्यात. म्हणून मसुरी, गंगटोक, कुठेही जाणार असाल तर तीन गोष्टी कोटेशनवर लिहून घ्या: मोठी गाडी कुठपर्यंत जाणार, तिथून छोट्या गाडीचे किती, आणि पायऱ्यांची हमाली किती. पावसाळ्यात जाऊ नका, त्या रस्त्यावर दरडी येतात.

इन्शुरन्सचे पैसे घेतले असतील तर विमा कंपनीची पॉलिसी मागा, मूव्हर्सच्या लेटरहेडवरचा कागद कामाचा नाही. बिल्टी, म्हणजे माल ट्रकने पाठवल्याची पावती, जपून ठेवा. सामान हरवलं किंवा मोडलं तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत मूव्हर्सना लेखी नोटीस द्यावी लागते, नुसते फोन करत बसू नका.

काय न्यावं? एसी अजिबात नको, तो आम्ही इथेच विकला. गॅस सिलेंडर मूव्हर्स घेतच नाहीत, सिलेंडर-रेग्युलेटर इथल्या एजन्सीत जमा करून ट्रान्सफरचा कागद घ्यायचा, डिपॉझिट परत मिळतं आणि तिकडे नवीन भरावं लागतं. कुकर मात्र घरात असतील तेवढे सगळे न्या, कारण तिकडे पाणी साधारण ९३ डिग्रीलाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही आणि गॅस जातो तो वेगळाच. दादाची स्कूटर एमएच ०४ची, वर्षापेक्षा जास्त राहायचं तर नंबर तिकडचा करावा लागतो, म्हणून निघण्याआधीच ठाणे आरटीओची एनओसी काढली.

राहायचा खर्च म्हणाल तर भाडं नक्की कमी, इथे ३२ हजार देत होते, तिथे दोन बेडरूमचे १८. पण थंडीत हीटर आणि गीझर, सगळ्यांना रजया, गरम कपडे, बूट, हे सगळं पहिल्याच वर्षी एकदम अंगावर येतं, आणि गाडी असेल तर पार्किंग वेगळं. पाण्याचं म्हणाल तर २०१८च्या उन्हाळ्यात शिमल्यात पाण्यावरून किती हाल झाले ते बातम्यांत बघितलंच होतं, त्यामुळे घर बघताना गच्चीवर टाकी केवढी आहे हे दादाने आधी बघितलं. घोडबंदरला टँकरची सवय असलेल्या माणसाला हे सांगायला नको. घर विकत घ्यायचा विचार असेल तर थांबा, हिमाचलात तिथल्या जमीन कायद्याच्या कलम ११८मुळे बाहेरच्यांना सरकारी परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही.

तर पॅकिंग ५, गाडी ४, आणि हिशोबाला १. त्या काकांसाठी मी परत यांच्याकडे गेलोही असतो. जादा ११ हजारांची पावती मेलवर मागितली आहे, आठवडाभरात आली नाही तर १९१५ला ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकणार, जे होईल ते इथेच अपडेट करतो.