जॉयस्टिक, नऊ महिन्यांनंतर: ट्विस्टचा झटका आणि समोरून येणारं बी-१७

ही जॉयस्टिक मी ६,२०० रुपयांना घेतली ती एकाच कामासाठी. सिममध्ये, म्हणजे संगणकावरच्या विमान उडवायच्या खेळात, १९४३ सालचं जर्मन लढाऊ विमान फोक-वुल्फ १९० घ्यायचं आणि बी-१७ या अमेरिकन बॉम्बफेकी विमानावर समोरून हल्ला जमवायचा. बटणं किती, थ्रॉटल कसा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला बोलायचंय ते ट्विस्टबद्दल, म्हणजे दांडा पिळला की जो रडर फिरतो त्याबद्दल. सातव्या महिन्यात तो बिघडला.

पूर्ण बंद पडला असता तर एकवेळ परवडलं असतं. दांडा स्थिर धरला तरी विमानाचं नाक अचानक डावीकडे झटका खायचं आणि परत जागेवर यायचं. साध्या उड्डाणात हे जाणवतही नाही, लँडिंगलाही निभावून जातं. समोरून हल्ला करताना मात्र सगळा खेळ तिथेच संपतो.

समोरूनच का, तर मागून जाणं फार महाग पडतं. बी-१७ ताशी ३०० किलोमीटरने चाललंय, आपण ४५० ने गाठतोय. फरक फक्त १५० चा. हजार मीटरवरून दोनशेवर यायला एकोणीस सेकंद लागतात. तेवढा वेळ शेपटीतल्या, पाठीवरच्या आणि पोटाखालच्या मशिनगन आपल्यावर रोखलेल्या, आणि त्याही एका विमानाच्या नव्हे, अख्ख्या थव्याच्या. जर्मनांनी हिशेब मांडला होता: मागून एक बी-१७ पाडायला २० मिलिमीटरचे सरासरी वीस गोळे बसावे लागतात आणि सामान्य पायलटचे शंभरातले दोनच बसतात. म्हणजे हजार गोळे झाडायचे! फोक-वुल्फच्या चारही तोफांचे मिळून तेवढे भरत नसत. म्हणून २३ नोव्हेंबर १९४२ ला फ्रान्समधल्या सँ-नाझेरवर जर्मन पायलट एगॉन मायरच्या तुकडीने समोरून हल्ला चढवला. तेव्हाच्या बी-१७ च्या नाकात मारा कमी होता, पायलटसमोर चिलखत जवळपास नव्हतं आणि चार-पाच गोळ्यांत काम व्हायचं.

पण समोरून दोघांचे वेग जमा होतात. ताशी ७५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २०८ मीटर. सहाशेवरून दोनशेवर यायला दोन सेकंदही मिळत नाहीत. त्यात नाक एक अंश जरी हललं तरी तीनशे मीटरवर मारा पाच मीटर बाजूला जातो. बी-१७ चं धड अडीच मीटरही रुंद नाही. आता सांगा, माझा ट्विस्ट नेमका तेव्हा झटका खात असेल तर मी काय पाडणार?

कंपनीला व्हिडिओ पाठवला. तीनदा उत्तर आलं, ‘ड्रायव्हर अपडेट करा’. मग बिल मागितलं, मग वस्तू मागवली. कुरिअरचे ३४० रुपये माझ्याच खिशातून गेले. सव्वीस दिवसांनी जॉयस्टिक परत आली, सोबत ‘तपासून दुरुस्त केली’ अशी चिठ्ठी. तळाच्या स्क्रूवरचं वॉरंटीचं स्टिकर मात्र जसंच्या तसं, कोपराही उचललेला नव्हता. उघडलीच नाही तर दुरुस्त काय केली? वॉरंटीचे पाच महिने शिल्लक असताना ही वागणूक. त्याच रात्री मी इथे एक तारा दिला.

शेवटी गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी दांडा उघडून ट्विस्टचा पॉट, म्हणजे पीळ मोजणारा फिरता रेझिस्टर, बाहेर काढला. आतल्या कार्बनच्या पट्टीवर मधोमध, दांडा सरळ असताना काटा जिथे टेकतो तिथेच, नखाएवढा चट्टा पडला होता आणि भोवती काळी भुकटी. क्लिनर मारून दोन दिवस चाललं. मग त्यांनी पॉटच बदलला: ४० रुपये पॉटचे, १०० मजुरीचे. झटका कायमचा गेला.

आणि तरीही माझे गोळे लागेनात. इथे मला माझं मत बदलावं लागलं. दोष निम्मा माझ्या डोळ्याचा होता. रेवी साइटच्या, म्हणजे जर्मन विमानातल्या नेम धरायच्या काचेवरच्या, रिंगेत दहा मीटर पंखांचं फायटर शंभर मीटरवर पूर्ण मावतं, अर्ध्या रिंगेएवढं दिसलं की दोनशेवर. माझी नजर त्याला सरावलेली. बी-१७ चे पंख ३१.६ मीटर, ते अर्ध्या रिंगेएवढं दिसतं तेव्हा अजून सहाशे मीटरच्याही पुढे असतं, आणि मी तिथूनच ट्रिगर दाबत होतो. जर्मन पायलटही याच फसगतीने लांबून मारा सुरू करायचे. रिंग पूर्ण भरेपर्यंत थांबायचं, म्हणजे सव्वातीनशे मीटर. तिथून धडकेला जेमतेम दीड सेकंद उरतो. छोटा मारा, लगेच अर्धी पलटी आणि खाली बुडी. काचेपलीकडे दोन पायलट बसलेले दिसतात तेव्हा दरवेळी पोटात गोळा येतो. अशा प्रत्येक विमानात दहा माणसं असत, आणि १४ ऑक्टोबर १९४३ ला जर्मनीतल्या श्वाइनफुर्टवरच्या मोहिमेत एका दिवसात ६० विमानं गेली.

तेव्हा एकाचे तीन तारे करतोय. दांड्याची पकड आणि स्प्रिंग अजून नव्यासारखी आहे. उरलेले दोन तारे त्या न उघडलेल्या स्टिकरपायी कापले आहेत, ते परत मिळणार नाहीत. घेणार असाल तर पहिल्याच दिवशी ट्विस्टला दोन टक्के डेडझोन द्या, म्हणजे मधल्या बारीक हालचाली सिम मोजणारच नाही. आणि सिममध्ये बी-१७ चं ‘जी’ मॉडेल निवडू नका. त्याच्या हनुवटीखाली दोन मशिनगनचा टरेट, म्हणजे फिरता बुरूज, आहे, समोरून शिकायला तो फार कठीण जातो. आधी ‘एफ’ घ्या.