लाकडाच्या स्टोव्हसाठी ९०४ ग्रेडचा चिमणी लायनर, तीन हिवाळे वापरून झाल्यावर

आम्ही इंग्लंडमध्ये शेफिल्डला राहतो, घर व्हिक्टोरियन काळातलं, विटांची जुनी चिमणी. लाकडाचा स्टोव्ह घ्यायचं ठरलं तेव्हा दोन महिने नुसते स्टोव्हच बघत बसलो, लायनर म्हणजे काय, चिमणीच्या आत धुरासाठी टाकायचा स्टीलचा पाइप, कुठलाही टाकला तरी चालेल असंच डोक्यात होतं. आता सांगते, स्टोव्ह उद्या बदलता येतो पण लायनर एकदा चिमणीत गेला की तो काढणं म्हणजे परत सगळा खर्च, त्यामुळे आधी त्याचं बघा.

पहिला जो माणूस कोटेशन द्यायला आला त्याने स्टोव्हचं मॉडेलसुद्धा विचारलं नाही, दहा मिनिटांत आकडा लिहून दिला, आणि "इन्सुलेशनची गरज नाही" म्हणून निघून गेला. आम्ही तो नाद सोडला. दुसरा हेटासकडे (असे स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी करणारी इथली संस्था) नोंदणी असलेला इन्स्टॉलर, त्याचंच काम आम्ही घेतलं आणि त्याच्यावर मी खूश आहे. त्याने आधी चिमणी झाडून घेतली, मग स्मोक टेस्ट केली, तर वरच्या बेडरूममध्ये धुराचा वास! जुन्या घरांत दोन खोल्यांच्या धुराड्यांमध्ये एकाच विटेची भिंत असते, आतला चुन्याचा गिलावा झडला की धूर आणि कार्बन मोनॉक्साइड तिथून दुसऱ्या खोलीत जातो. आमची मुलगी त्याच खोलीत झोपते. लायनर लागणारच हे तिथेच नक्की झालं.

साइजचं असं आहे की शेफिल्ड स्मोक कंट्रोल एरियात, म्हणजे चिमणीच्या धुरावर निर्बंध असलेल्या भागात येतं, इथे लाकूड जाळायचं तर मान्यताप्राप्त स्टोव्हच लागतो, आणि तसा स्टोव्ह २० किलोवॉटपर्यंतचा असेल तर १२५ मिमीचा लायनर चालतो, नाहीतर १५० मिमी. स्टोव्हचा धूर बाहेर पडतो त्या तोंडापेक्षा लहान लायनर कधीच टाकायचा नाही. मोठा टाकला तर बरं असंही नाही, धूर आत जाऊन थंड होतो, धूर वर खेचणारी ओढ कमी पडते आणि धुरातलं डांबर साचायला लागतं.

स्टीलच्या ग्रेडवर आमचं घरात बरंच बोलणं झालं. ३१६ ग्रेड स्वस्त, आणि फक्त सुकी लाकडंच जाळणार असाल तर तो पुरतो, हे इन्स्टॉलरने स्वतःहून सांगितलं, महागडं गळ्यात मारायला बघितलं नाही. पण आम्ही कडाक्याच्या थंडीत रात्री स्मोकलेस कोळसाही घालतो, त्यात गंधक असतं. आणि खरा त्रास उन्हाळ्यात होतो, स्टोव्ह बंद, आत काजळी चिकटलेली, वरून इथली दमट हवा, त्याचं आम्ल तयार होऊन स्टील आतून खातं. ९०४ मध्ये निकेल आणि मॉलिब्डेनम जास्त असल्यामुळे तो आम्लाला जास्त टिकतो. म्हणून पैसे जास्त गेले तरी तोच घेतला, आणि दर वर्षी सीझन संपला की लगेच चिमणी झाडून घेतो, शरद ऋतूपर्यंत थांबत नाही.

एक गोष्ट मात्र नक्की बघा, गॅससाठीचा एकपदरी लायनर लाकडाला चालत नाही, दुपदरीच हवा. आणि लायनरवर बाण असतो तो वरच्या दिशेला ठेवायचा, उलटा गेला तर आतल्या सांध्यांतून डांबर बाहेर झिरपतं. आमच्या इन्स्टॉलरने छतावर न्यायच्या आधी तो बाण मला दाखवला. मग लायनरभोवती व्हर्मिक्युलाइट (उष्णता धरून ठेवणारे हलके खनिज दाणे) ओतलं, कारण आमची चिमणी बाहेरच्या भिंतीला आहे, गार पडते. पहिल्या दिवसापासून ओढ मस्त, दार उघडलं तरी धूर खोलीत येत नाही.

पहिल्या हिवाळ्यात काच सारखी काळी व्हायची तेव्हा मला लायनरचीच शंका आली होती. आई साताऱ्याहून आलेली, तिने दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघितले आणि म्हणाली, "अगं ही ओली आहेत, सुकं सरपण कसं टणटण वाजतं." ओलावा मोजायचा मीटर लावला तर २८ टक्के! २० च्या खाली पाहिजे. लाकडं बदलली, काच साफ.

तक्रार एकच, कामाच्या दिवशी धूळ प्रचंड उडते, सोफा झाकून ठेवा म्हणून कोणी आधी सांगितलं नव्हतं. बाकी कामाचं प्रमाणपत्र पंधरा दिवसांत आलं, वीजमीटरजवळ लायनरच्या माहितीची पट्टी लावून दिली, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही बसवला. झाडायला येणाऱ्याला तेवढं आधी सांगा की आत स्टीलचा लायनर आहे, ब्रश प्लॅस्टिकचा आण, तारेचा नको.